लातूरच्या कपाटामागचा डबल बेस

हॉस्टेलच्या मेसमध्ये त्या दिवशी वांग्याची भाजी होती, त्यामुळे कुणाचंच लक्ष ताटात नव्हतं. मी मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून सगळ्यांना एक व्हिडिओ दाखवून राहिलो होतो. कुठल्याशा परदेशातल्या कॅफेत एक टकलू माणूस स्वतःएवढ्या उंच वाद्याला मिठी मारून उभा होता आणि दोन बोटांनी असा सूर काढत होता की मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधूनसुद्धा तो कानात कमी आणि पोटात जास्त लागावा.

"ह्याला डबल बेस म्हणतात," मी म्हणालो. "अख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं नसंल. मी घेणार."

समोर बसलेला माझा रूममेट पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "असला एक आमच्या घरी हाय. कपाटामागं."

त्याचा आवाज असा, की जणू घरी जादा बादली आहे.

आमच्या हॉस्टेलात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ज्या गावाहून आला ते गाव हेच नाव. तो लातूर. मी देगलूरच्या बाजूचा, म्हणून देगलूर. खोलीतला तिसरा किल्लारी. तो ढोलक वाजवायचा आणि उरलेल्या वेळात माझी टर उडवायचा. नांदेडच्या कॉलेजात आम्ही तिघंही संगीत शिकत होतो. माझ्याकडे होती ती कॉलेजची बेस गिटार, तिच्या एका खुंटीला चिकटपट्टी गुंडाळलेली. लातूर हार्मोनियम वाजवायचा, तीही मनात आलं तर.

खरं सांगायचं तर मी लातूरवर डबल बेसच्या आधीपासूनच जळत होतो. त्याची पँट इस्त्री न करता इस्त्रीची दिसायची. त्याचं अक्षर सुंदर होतं. त्याच्या आईचा डबा दर आठवड्याला एसटीच्या कंडक्टरसोबत लातूरहून यायचा आणि तो उघडून सगळ्यांसमोर ठेवायचा, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही. आणि आता हे. ज्या वस्तूसाठी मी चार महिने झुरत होतो ती ह्या माणसाच्या घरी कपाटामागं.

"तुला वाजवता येतो?" मी विचारलं.

"छ्या. आजोबाचा हाय. ते भीमगीतांच्या गायन पार्टीत वाजवायचे, आन् एका ऑर्केस्ट्रातबी. आता पडूनच हाय."

पडूनच हाय. किल्लारी माझ्याकडं बघून म्हणाला, "देगलूर, वांगं खा. तोंड उघडंच ठिवलंस."

त्याआधी मी माझ्या परीनं शोध घेतला होता. वजिराबादेतल्या वाद्यांच्या दुकानात गेलो, तेव्हा मालकानं माझं वर्णन शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढा मोठा व्हायोलिन? ठिवणार कुठं?" मग एक चांगली ढोलकी दाखवली. इंटरनेटवर नव्या डबल बेसची किंमत बघून मी मोबाइल पालथा ठेवला होता. जुना कुठं मिळेल म्हणून मुंबईच्या एकाला फोन केला, तर त्यानं सांगितलेल्या किमतीत आमच्याकडं बैलजोडी आली असती आणि वर वासरू. माझ्याकडं जमा होतं ते लग्नांत ऑर्केस्ट्रावाल्यांसोबत वाजवून मिळालेलं. त्यात बेसच्या तारा आल्या असत्या. बेस नसता आला.

म्हणून कपाटामागचा तो बेस मला हवाच होता. दुसरा मला परवडणार नव्हता, आणि दुसरा कुणाचा असता तर त्यात एवढी मजाही नव्हती.

बैलजोडीचं नाव वर उगाच निघालं नाही. मला खरेदी शिकवली ती माझ्या मामानं, हाळीच्या बैलबाजारात. मामाचा नियम असा, की आवडलेल्या बैलाकडं बघायचंच नाही. शेजारच्या बैलाशी गप्पा मारायच्या, त्याचे दात बघायचे, आणि जाता जाता सहज आवडलेल्याकडं वळायचं. मग खोडी काढायच्या. हा भोवरा चुकीच्या जागी हाय. मागचा पाय टाकतो वाकडा. डोळ्यात पाणी हाय, रात्रीचं दिसत नसंल. विकणारा छाती पिटून घेतो, देवाची शपथ घालतो, चारचौघांना बोलावतो. मामा चालायला लागतो, तो मामाला परत ओढतो. शेवटी रुमालाखाली दोघांची बोटं एकमेकांत अडकतात आणि सौदा होतो. ह्यात खोटं कुणी बोललेलं नसतं. बैल सोन्यासारखा आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. खोडी काढणं हा तिथं बैलाचा मान असतो. ज्याला कुणी नावं ठेवली नाहीत तो संध्याकाळी तसाच घरी परत जातो.

एवढ्या शिदोरीवर मी लातूरसोबत लातूरला निघालो.

लातूरचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. घर दोन खोल्यांचं आणि आरशासारखं स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची मांडणी. आईनं आल्या आल्या भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला पुढं ठेवला, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. अण्णा म्हणाले, "आमचा सांगत होता, तुम्हाला वाद्यातलं फार कळतं."

मी नम्र दिसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात लातूरनं आणि त्याच्या आईनं कपाट सरकवलं.

बेसवर जुनी फुलाफुलांची चादर होती. ती ओढली आणि मला वाटलं आपण इथंच खाली बसावं. मधाच्या रंगाचं अंग, खांद्याला हात लागून लागून काळसर झालेली चकाकी, दोन तारा तुटलेल्या, दोन धुळीनं जाड झालेल्या. मी एक तार छेडली. ती बेसूर होती, आणि तरी खोलीतल्या स्टीलच्या भांड्यांनी तिला उत्तर दिलं. मनात म्हणालो, हा माझाय.

तोंडानं म्हणालो, "हं."

मग मी कपाटाची तारीफ केली. सागवानी आहे का, विचारलं. अण्णा म्हणाले, नाही, लोखंडी आहे. तिथंच मामाचा पहिला नियम जरा घसरला, पण मी खोडींवर आलो. बेसची मान धरून एक डोळा मिटला. "मान वाकलीय." पोटावर टिचक्या मारून कान लावला. "आतून भुंगा लागलाय." वास घेतला, का ते मलाही माहीत नाही. "ओल धरलीय ह्यानं." तारांखालच्या लाकडी घोडीला बोट लावलं. "घोडी झिजली. सांधे उकललेत. आवाज तर फुटलाच हाय." आणि मामाची आठवण काढून शेवटचा घाव घातला, "नुसतं ठेवायला बरंय. वाजवायचं वय गेलं ह्याचं."

आता अण्णांनी छाती पिटायची होती. हैदराबादहून आणलाय, असला मिळायचा नाही, असं काहीतरी म्हणायचं होतं. मग मी चालायला लागणार होतो आणि ते मला परत ओढणार होते.

अण्णा हात मागं बांधून उभे होते. त्यांनी वाकून बेसच्या मानेला हळूच बोट लावलं. मग म्हणाले, "इतकं बिघडलंय हे आम्हाला माहीतच नव्हतं."

"तरी घ्यायला मी तयार हाय," मी घाईनं म्हणालो. "भाव जरा बघून सांगा."

"छे छे. हे आता तुम्हाला विकता येणार नाही."

"का अण्णा?"

"विद्यार्थ्याला खराब वस्तू विकायची? सदतीस वर्षं पोरांना शिकवलं मी. माझ्याच्यानं होणार नाही ते."

मी म्हणालो, तसं एवढंही खराब नाही. मी म्हणालो, मान थोडीशीच वाकलीय, जवळजवळ सरळच म्हणायची. मी म्हणालो, भुंगा कधी कधी आपोआप जातो.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता आमचं मन राखायला बोलू नका. तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत, ते मला आवडलं. आजकाल कोण सांगतो?"

आणि आईला म्हणाले, "ह्यांना अजून सुशीला वाढ."

मी खाल्ला. काय करणार?

परतीच्या बसमध्ये लातूर अहमदपूरपर्यंत माझ्याकडं पाठ करून बसला. मला वाटलं चिडला. स्टँडवर बस थांबली, खाली भजी तळायचा वास आला, तेव्हा तो म्हणाला, "आजोबानं जिवापाड जपला असंल रे. आन् आम्ही सडवला. तू सांगितलं तवा मला लई लाज वाटली."

"अरे, तसं न्हाई..."

"न्हाई, बरोबर हाय तुझं. मी दुरुस्त करून घेतो. आन् वाजवतोबी. तू शिकवशील का?"

भज्यांकडं बघत मी हाव म्हणालो.

अण्णांनी तो बेस चादरीत गुंडाळून रेल्वेनं मिरजेला नेला, तंबोरे-सतारीवाल्यांकडं. चार दिवसांनी परत आणला. कारागिरानं धूळ पुसली, तारा बदलायला सांगितल्या आणि बाकी काही झालेलं नाही म्हणून परत दिला. मला हायसं वाटलं. वाटलं, आता तरी माझं बिंग फुटेल आणि हे प्रकरण एकदाचं संपेल. पण अण्णांनी फोनवर सांगितलं, "तो माणूस तंबोऱ्यातला. ह्या वाद्यातलं त्याला काय कळणार? आम्ही तुमचंच धरून चाललोय. जपून वापरायला सांगितलंय पोराला."

मग एका शनिवारी तो बेस नव्या तारा चढवून आमच्या खोलीत आला. आमच्या खोलीत आधीच तीन खाटा, एक कूलर आणि किल्लारीचं ढोलक. बेस दोन खाटांच्या मधे उभा केला, त्यामुळे उठल्याबरोबर मला पहिलं दर्शन त्याचंच. लातूर आंघोळीला गेला की मी हळूच त्याच्या अंगावरून हात फिरवायचो. एकदा किल्लारीनं पकडलं.

"काय रे, भुंगा शोधून राहिला का?"

"हाव."

"बघ बघ. नीट बघ. मला तर भुंगा ह्या खाटंवर दिसून राहिला."

शिकवायचं कबूल केलं होतं. बेस गिटार आणि डबल बेस यांच्या तारा सारख्याच सुरांत लावायच्या असतात, एवढं ज्ञान माझ्याकडं होतं, म्हणजे मी गुरू झालो. आणि मी एक चलाखी केली. शिकवणी लवकर संपली तर बेस माझ्या हातातून जाणार, म्हणून मी ती लांबवायचं ठरवलं. पहिला आठवडाभर मी लातूरला एकच सूर दिला. सगळ्यात जाड तार, रिकामी. "पाया हाय हा," मी म्हणालो. "हा पक्का झाल्याशिवाय पुढं न्हाई." रोज संध्याकाळी तो पाच मिनिटं ती तार छेडायचा आणि मग मी "आता बघ, कसं वाजवतात," म्हणून अर्धा तास वाजवायचो. दुसऱ्या आठवड्यात दुसरी तार. वर्गात कुणी विचारलं तर लातूर भक्तिभावानं सांगायचा, देगलूर लई बारकाईनं शिकवतो.

पण ती पाच मिनिटं तो कशी वाजवतो ते मी ऐकतच नव्हतो. ऐकलं ते आमच्या संगीताच्या मॅडमनी. युवक महोत्सवासाठी आमचा पाच जणांचा गट बसवून राहिल्या होत्या त्या, आणि एक दिवस हॉस्टेलच्या तपासणीला आल्या तेव्हा आमच्या खोलीवरून जाताना थांबल्या. लातूर एकच सूर वाजवत होता. धुम्. थांबायचा, तो पूर्ण विरेपर्यंत. मग पुन्हा. धुम्. मॅडम दाराशी उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. महिनाभर ज्याला रिकाम्या तारांशिवाय दुसरं काही करूच दिलं नाही, त्याचा तो एक सूर असा झाला होता की माझ्या सगळ्या चपळाईला त्यात जागा नव्हती.

"कुणी शिकवलं रे असं?" मॅडमनी विचारलं.

लातूरनं माझ्याकडं बोट केलं. मॅडम मला म्हणाल्या, "फार छान. असा धीर शिक्षकाकडं लागतो." आणि त्याच दमात गटाची मांडणी बदलली. खालच्या सुराला लातूर, डबल बेसवर. एका गटात दोन बेस कशाला? मी गटात राहिलो, पण खुळखुळा घेऊन.

सहा फूट उंचीच्या माणसानं खुळखुळा वाजवणं कसं दिसतं ते मला माहीत आहे, कारण किल्लारीनं त्याचा व्हिडिओ काढून मेसमध्ये पाण्याच्या जगला टेकवून दाखवला.

त्या दिवसांत मी नीट जेवत नव्हतो. लातूर नवीन काही शिकला की मी "चांगलंय" म्हणायचो आणि आतून कुणीतरी ओल्या कपड्यासारखं पिळायचं. त्याच्या बोटांना फोड आले तेव्हा मला बरं वाटलं. फोड जाऊन घट्टे पडले तेव्हा वाईट वाटलं. एका सकाळी त्यानं सवयीनं, झोपेतच, चालता चालता बेसच्या खांद्यावर हात ठेवला, जसा माणूस आपल्या बैलाच्या वशिंडावर ठेवतो, आणि तो हात बघून मी चहा न पिता वर्गात गेलो.

मग अण्णांचा फोन आला.

"मुदखेडला या रविवारी," ते म्हणाले. "तुमच्यासाठी सापडला."

"काय अण्णा?"

"वाद्य. आमचं तुम्हाला देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं होतं. आजोबांच्या ओळखीच्या सगळ्यांना विचारून राहिलो होतो मी. एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्या भावाचा पडून आहे. तुम्हाला परवडेल अशातच देतील, मी बोललोय."

मी मुदखेडला गेलो. स्टेशनपासून चालत जाण्यासारखं घर. अण्णा माझ्या आधीच लातूरहून येऊन बसले होते, बाहीला धूळ लागलेली, चेहऱ्यावर पेपर पूर्ण सोडवल्याचं समाधान. मला आत न्यायच्या आधी त्यांनी ओसरीवरच सांगायला सुरुवात केली. "मान मी दोरी लावून बघितली. सरळ आहे. भुंगा नाही, टॉर्च लावून आत पाहिलं. ओल नाही. घोडी शाबूत. सांधे घट्ट. आवाज फुटलेला नाही. तुम्ही सांगितलेली एकही खोट ह्यात नाही."

आत गेलो. घरमालक म्हातारे, खुर्चीवर बसलेले. शेजारी बेस उभा होता. खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांपेक्षा तो फार उंच नव्हता.

मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तो माझ्या छातीला लागला. शाळकरी मुलांसाठी करतात तसला होता तो, बाकी सगळा अगदी रीतसर, फक्त लहान. एखाद्या मोठ्या माणसानं आपल्या पोराला आपल्यासारखाच कोट शिवावा तसा.

"अण्णा, हा... लहान हाय का जरा?"

अण्णा गोंधळले. "उंचीचं तुम्ही त्या दिवशी काही बोलला नव्हता."

नव्हतो बोललो. मामानंही कधी उंचीचं शिकवलं नव्हतं, बैलाची उंची दिसतेच. म्हातारे म्हणाले, "माझ्या भावाला चर्चच्या शाळेत मिळाला होता. तो मोठा झाला, हा राह्यला." अण्णा माझ्याकडं बघत होते. ते तीन तास बस आणि मग रेल्वे करून आले होते, कुणाच्या तरी पोरासाठी. मी पैसे दिले आणि तो बेस एका हातानं उचलला. एका हातानं उचलता येतो हे तिथंच कळलं.

खोलीत नेला तेव्हा किल्लारीनं दोन्ही बेसना शेजारी उभं केलं, मागं सरून बघितलं आणि लातूरला विचारलं, "पोरगा हाय का तुझा?"

गटात खालच्या सुराला त्या बेससकट मला कुणी घेतलं नाही, पण खुळखुळ्यातून सुटका झाली. मॅडम म्हणाल्या, एक-दोन गाण्यांत वरच्या अंगानं वाजव. मी वाजवायचो, वाकून. वाकून वाजवताना नेमकं समोर दिसायचं ते लातूरच्या बेसचं पोट.

एप्रिलमध्ये आमच्या गटाला देगलूरला बोलावलं, भीमजयंतीच्या कार्यक्रमात. माझंच गाव म्हणा ना. निघायच्या सकाळी लातूर पाठ धरून बसला.

"देगलूर, आज माझं वझं तू घे रे. माझी पाठ धरलीय. मी तुझा बारका वाजवतो तिथं."

"म्हणजे स्टेजवरबी तुझा मी वाजवू?"

"हाव. तुला येतंय की. तूच तर शिकवला."

मी क्षणभरसुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. एसटीत तो बेस चढवताना कंडक्टर म्हणाला, "ह्याला बसवता कुठं? म्हातारा माणूस असता तर उठून जागा दिली असती." नायगावपर्यंत मी तो दोन्ही हातांनी कवटाळून उभा होतो. लातूर माझा बेस मांडीवर घेऊन खिडकीशी बसला. मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, एवढा मी सुखात होतो.

संध्याकाळी मांडवात माणसं बसली, आया पोरांना मांडीवर घेऊन, पुढं म्हातारी मंडळी. मी आजोबांचा बेस घेऊन मधोमध उभा राहिलो, त्या कॅफेतल्या टकलूसारखा. पहिल्याच गाण्यात कळलं की ह्या तारा दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा मी आजवर अर्ध्या तासाच्या खेळातच लावला होता. दुसऱ्या गाण्यात बोटं सुजली. तिसऱ्यात मी नुसता उभा राहून चेहऱ्यानं वाजवत होतो. माझ्या डाव्या बाजूला लातूर एका स्टुलावर बसला होता, लहान बेस गुडघ्यांत धरून, आणि जे वाजवत होता ते मला नीट ऐकायचं नव्हतं. पण ते ऐकू येत होतं. धुम्. आणि थांबणं. माझ्या त्या बुटक्या बेसमधून असा सूर निघतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याला कधी विरेपर्यंत थांबू दिलंच नव्हतं.

कार्यक्रम संपला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत थेट माझ्याकडं आले. त्यांनी बेसच्या पोटावर हात ठेवला.

"हा गायन पार्टीतला. वळखला मी. लातूरची पार्टी आली की हा असायचा. नातू का तुम्ही त्यांचे?"

मला न्हाई म्हणायला पाहिजे होतं. मी फक्त हसलो, आणि त्या हसण्याचा अर्थ त्यांनी हाव असा घेतला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवायला हात वर केला, पण मी फार उंच, म्हणून दंडावरून फिरवला. एवढं मात्र मला मिळालं. अर्धं मिनिट मी लातूर होतो, इस्त्रीसकट.

मग मला खाली वाकवून ते कानाशी म्हणाले, "वाजवता बरं. पर एक सांगू का, राग मानू नका. आजोबाचा हात त्या बसलेल्या पोराला आलाय. त्याला शिकवा. कुणाचा हाय तो?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, म्हणजे फक्त तो कुणाचा आहे ते. ते म्हातारे लातूरकडं गेले आणि त्याच्या गळ्यात पडले, आणि मी बेस धरून उभा राहिलो. बाजूला व्हावं तर एवढा मोठा बेस घेऊन कुठं होणार?

सकाळच्या गाडीनं परत निघालो. बस रिकामी होती, म्हणून लातूरचा बेस मागच्या लांब बाकावर आडवा झोपवला. किल्लारी त्याच्या पायाशी बसला. लातूर माझ्या शेजारी, माझा बेस अजून त्याच्याच मांडीवर. त्यानं त्याची मान एका हातात धरली होती आणि अंगठा उगाच तारेवर फिरवत होता.

"देगलूर," तो म्हणाला, "हा लई गोड बोलतो रे. हलका बी हाय. पाठीला काय होत न्हाई. इकतोस का मला? माझा तू घे, वर काय द्यायचं ते सांग."

जे मला मेसमध्ये वांग्याच्या भाजीसमोर हवं होतं ते तो स्वतःच्या तोंडानं देऊन राहिला होता. मागच्या बाकावर ते मधाच्या रंगाचं अंग पसरलं होतं, खड्ड्यागणिक थोडं हलत होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

"अरे, ऐक तर..."

"न्हाई म्हणलो ना. दे इकडं."

मी त्याच्या मांडीवरून माझा बेस काढून माझ्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्यावर आडवे टाकले. लातूर हसला, "ठीक हाय बाबा," म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. नरसी गेलं. नायगाव गेलं. तो बाहेरच बघून राहिला होता, आणि मी त्याच्याकडं, हा अजून एकदा विचारतो का म्हणून.